पहिल्या पानावरची ताकीद

तलाठी परीक्षेचं जाडजूड पुस्तक घरात आलं त्या दिवशी बाबांनी शिलाई मशीन बंद ठेवलं. मला जन्मापासून दिसत नाही. आईला अक्षरओळख नव्हती, तेव्हा बाबा मोठ्यानं वाचणार आणि मोबाईलवर रेकॉर्ड करणार, असं ठरलं होतं. वयाच्या अटीत बसणारी ती माझी शेवटची परीक्षा होती.

बाबा सातवी शिकलेले. अहमदपूरच्या स्टँडमागं त्यांचं दुकान. पुस्तक मधूनच उघडणं त्यांना पाप वाटायचं, म्हणून पहिल्या पानापासून सुरुवात केली आणि तिथंच थांबले.

"माय, यात तर लिव्हलंय, लेखी परवानगीबिगर रेकॉर्ड करायचं न्हाई. कारवाई हुईल म्हणं."

"सगळ्याच पुस्तकांत असतं ते. वाचा तुम्ही," मी म्हणाले.

"न्हाई. तुला सरकारी नोकरी लागायची हाय. पोलिसाचं लफडं नको."

गिऱ्हाइकाची उरलेली चिंधीसुद्धा परत देणारा माणूस. कर नाही त्याला डर कशाला म्हणतात. माझ्या बापाला न केलेल्याचाच डर जास्त. त्यांनी प्रकाशकाला फोन लावला. तिकडून उत्तर आलं, ऐकायचं पुस्तक मिळेल, छापील पुस्तकाच्या चौपट किमतीला. स्वतः रेकॉर्ड करायचं तर अर्ज करा. चौपट आमच्यानं होईना. बाबांनी रजिस्टर पोस्टानं अर्ज धाडला आणि वाट बघत बसले. मी चिडले, रडले, जेवले नाही. पुस्तक कपाटातच राहिलं.

परीक्षेला बारा दिवस उरले तरी उत्तर नव्हतं, तेव्हा कुठं त्यांनी हात जोडून पुस्तक उघडलं. निम्मंही वाचून झालं नाही.

नांदेडच्या केंद्रावर शेजारी माझ्यासारखीच एक अंध मुलगी बसली होती. तिला बाबांच्या अर्जाचं सांगितलं तर ती हसलीच.

"अगं, आपल्यासाठी परवानगी लागतच नाही. कायद्यातच सूट आहे. आम्ही पुस्तकंच्या पुस्तकं रेकॉर्ड करून एकमेकांना देतो."

मला आधी तिचाच राग आला. मग त्या पानाचा. धमकीला जागा होती, सुटीची एक ओळ छापायला यांची शाई संपली होती काय?

मी सपशेल नापास झाले. कायद्यातल्या त्या सुटीचं बाबांना आजवर सांगितलं नाही, त्यांना सोसलं नसतं. आता मी दुकानात बसून गुंड्या लावते. परवानगीचं पत्र आता आलं तरी उपयोग नाही, हे त्यांनाही कळतं. तरी पोस्टमन दाराशी आला की मशीनचा आवाज थांबतो, आणि बाबा विचारतात, "आमचं काही हाय का?"