कालवांची रेघ

डोंगराखालच्या बिळात होडीचं नाक छताच्या दगडाखाली अडकलं आणि समोरून येणाऱ्या पाण्याने तिला तिथेच दाबून धरलं. पुढे सुमनबाई गुडघ्यांवर छाती टेकून वाकली होती, तरी तिच्या पाठीवरचं तांबडं जॅकेट वर घासत होतं. छताला सगळी कालवं होती, खडकाला चिकटलेली धारदार शिंपली. ती म्हणाली, "ताई, दम लागला." तिचं तोंड मला दिसत नव्हतं, पण आवाज मी ओळखला. तिला दमा होता आणि फवाऱ्याचा पंप मोठ्या बोटीवर तिच्या पिशवीत राहिला होता. बिळाच्या पलीकडचं ऊन दिसत होतं. तिथवर जायची वाट डोळ्यांदेखत बुजत चालली होती. मी वल्हं मांडीवर टाकलं, दोन्ही तळवे छताला लावले आणि मागे रेटा दिला. कालवांनी हात चिरले. होडी सुटली, तिरकी झाली, अर्धी पाण्याने भरली आणि लोंढ्याने आम्हाला परत आतल्या तळ्यात आणून टाकलं.

तिथे सुमनबाईला मी नेलं होतं. हे आधीच सांगते, कारण नंतर लोक म्हणाले गाइडची चूक, सहलवाल्यांची चूक. त्यांची नाही. माझी.

मी पनवेलला अकराव्या मजल्यावर राहते. आयुष्य गेलं ते जासईच्या बाजूला, खाडीकाठी मिठागरावर. आता तिथे कंटेनर रचलेले असतात. घरात मुलगा, सून, नात आहेत, पण प्रत्येकाचं दार वेगळं आणि ते लावलेलं असतं. दिवसभर मी लिफ्टचा आवाज ऐकते आणि कोणत्या मजल्यावर थांबली ते ओळखते. या वर्षी घराला रंग द्यायचं निघालं. मुलगा म्हणाला, "आई, तुला तो वास सोसायचा नाही. व्हिएतनामला जाऊन ये. सिनियर लोकांचा ग्रुप आहे, काही त्रास नाही." मी म्हटलं, "मी बहिणीकडे जाते अलिबागला." तो म्हणाला, "अगं, बुकिंग झालंय."

ग्रुपमध्ये सगळी जोडपी. एकट्या अशा आम्ही दोघीच, म्हणून एका खोलीत टाकलं. सुमनबाई नवीन पनवेलची, प्राथमिक शाळेत शिकवून निवृत्त झालेली. नवरा गेलेला, मुलगी परदेशात. पहिल्याच दिवशी तिने मला मावशी म्हटलं.

"मावशी कसली? तुमी पन साठीच्या पुढच्याच हाव."

"मग काय म्हणू?"

"ताई म्हना. आनि रात्री घोरलात तर मी उठवीन."

"मी घोरत नाही. मला दमा आहे, त्याचा आवाज येतो."

पहिल्या रात्री तो आवाज मी ऐकला. तिने पंप मारला आणि पाच मिनिटांत शांत झाली. म्हणून तो आवाज मला ठाऊक होता.

चौथ्या दिवशी आम्हाला त्या खाडीत नेलं. समुद्रातून वर आलेले चुनखडीचे डोंगर, एकेक सुटा उभा, खालून पाण्याने खाल्लेला. गाइड म्हणाला, हा दगड पाण्यात विरघळतो, म्हणून डोंगर आतून पोकळ होतात, गुहा पडतात, तळी होतात. बाकीचे फोटो काढत होते. मला आमच्या पनवेलचे टॉवर आठवले. इतके जवळ उभे, आणि एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही.

सकाळी मोठी बोट नांगरली आणि दोन-दोन माणसांच्या प्लास्टिकच्या होड्या काढल्या. आमचा टूर मॅनेजर म्हणाला, ज्यांना जमत नाही त्यांनी बांबूच्या बोटीत बसावं, माणूस वल्हवेल. मी म्हटलं, मी वल्हवते. दहाव्या वर्षापासून खाडीत होडी हाकली आहे. सुमनबाई माझ्यावर विश्वास ठेवून पुढे बसली. गाइडने सांगितलं, पाणी चढतंय, वीस मिनिटांत परत या, लहान बिळांत शिरू नका. मी मनात म्हटलं, हा मला पाणी शिकवतो.

मी चौथीपर्यंत शिकले, पण पाऊणकी पाठ आहे. आमच्याकडे तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. त्या दिवशी नवमी होती. नऊ पाऊणे पावणेसात. पावणेसातला भरती, म्हणजे दुपारी एकपर्यंत ओहोटी. तेव्हा दहा वाजले होते. घड्याळ तिथल्या वेळेला लावलं होतं, पण पाणी घड्याळावर चालत नाही, चंद्रावर चालतं, आणि चंद्र तोच. माझ्या हिशेबाने पाणी उतरत होतं.

एका डोंगराला खाली बीळ दिसलं. वाकून जाता येईल एवढं. मी म्हटलं, "चला बाई, आत बघू." ती म्हणाली, "नको हो, त्याने सांगितलंय ना." मी वल्हं मारलं. आत गेलो तर वर आभाळ, चारी बाजूंनी उभा दगड, मध्ये हिरवं तळं, आणि आमच्याशिवाय कोणी नाही. बाजूला एक कट्टा होता. होडी बांधून आम्ही त्यावर बसलो. सुमनबाईने हात फिरवला आणि म्हणाली, "बघा ताई, किती कोरडी जागा आहे." मी हो म्हटलं. कट्ट्यावर एक आखूड सुरी पडली होती, मुठीला चिंध्या गुंडाळलेली. माझी घरची अशीच आहे. मी तिने एक कालव फोडलं आणि कच्चंच खाल्लं.

"शी. तसंच?"

"तुमाला देऊ?"

"मी अंडं पण खात नाही."

"मग तुमी आभाल बघा."

ती हसली. मग म्हणाली, "येताना पाठ खरचटली माझी. परत कसं जायचं?" तेव्हा मी ते बोलले. मी म्हटलं, "बसा निवांत. नवमीची भरती नऊ पाऊने पावनेसातला झाली, आता पानी उतरतंय. जेवढं बसू तेवढं बीळ मोठं हुईल. ताठ बसून जाऊ." ती शाळेत शिकवायची, पण खाडीतलं मला जास्त कळतं असं तिला वाटलं. मलाही तसंच वाटत होतं.

आणि आम्ही बसलो. किती वर्षांत माझं बोलणं कोणी इतका वेळ ऐकलं नव्हतं. आमचे हे आजारी पडले तेव्हा मी एकवीरा आईला नवस बोलले होते, यांना बरं कर, तुझ्या पायऱ्या गुडघ्यांवर चढेन. ते गेले. मी देवीला सांगितलं, तुझा माझा संबंध संपला. सहा वर्षं डोंगराकडे फिरकले नाही. देव्हाऱ्यातला टाक सुनेकडे दिला. हे मी मुलालाही सांगितलं नव्हतं, ते सुमनबाईला सांगितलं. ती म्हणाली, "राग आलाय म्हणजे संबंध आहे अजून." मी म्हटलं, "शालेतलं शानपन नको." पण ते मनात राहिलं.

कट्ट्याची कड ओली झाली होती. मला वाटलं कुठल्या बोटीची लाट आली असेल. थोड्या वेळाने सुरीखाली पाणी आलं. मी सुरी उचलून वरच्या खोबणीत ठेवली आणि बिळाकडे पाहिलं. ते निम्मं राहिलं होतं.

मग आम्ही घाईने निघालो आणि अडकलो, ते वर सांगितलंच आहे.

तळ्यात परत फेकलो गेलो तेव्हा सुमनबाईचे ओठ काळसर पडले होते. ती एकेक श्वास ओढून घेत होती आणि त्याच्यात शिट्टी वाजत होती. मी हाका मारल्या. त्या भिंतींनी माझ्याच हाका मला परत दिल्या. मोठ्या बोटीवर काय चाललं होतं ते नंतर कळलं. आम्ही बांबूच्या बोटीने परतलो असं त्यांना वाटलं होतं, मग मोजणी झाली, मग शोधाशोध, पण भलत्या डोंगरामागे. तेव्हा मला एवढंच कळत होतं की बीळ मिटलं की हिला पंप मिळणार नाही.

नवस बोलायला मला तोंड नव्हतं. सहा वर्षं जिचं नाव घेतलं नाही तिला काय कबूल करणार, आणि हे गुडघे आता पायऱ्या चढायच्याही कामाचे नाहीत. मी म्हटलं, "आई, हिला बाहेर काढ. माझं काय करायचं ते तू बघ." एवढंच म्हटलं. हात जोडले नाहीत, हातांतून रक्त येत होतं आणि सुमनबाईची पाठ धरायची होती.

बिळात काहीतरी खरवडलं. आधी दोन रबरी बूट दिसले, छताला लावलेले. मग एक चपटी, डांबर फासलेली, सुपासारखी बोट, आणि तीत उताणी पडलेली एक बाई. ती छतावर पाय टाकत, चालल्यासारखी आत आली. उठून बसली, टोपली उलटी घालावी तशी टोपी डोक्यावर ठेवली आणि आम्हाला बघून चाट पडली. माझ्याच वयाची असेल. मग ती जे बोलायला लागली त्याचा एक शब्द मला कळला नाही, पण शिव्या होत्या हे नक्की. माझी सासू याच सुरात बोलायची.

तिने सुमनबाईकडे एकदा पाहिलं आणि शिव्या सोडून कामाला लागली. आमची जॅकेटं काढायला लावली. सुमनबाईला तळाशी उताणी निजवलं, मला तिच्या बाजूला, उलट्या दिशेने. मी वल्हं सोबत घेतलं होतं. मला वाटत होतं मीही रेटा देईन, दोघींचं बळ लागेल. तिने वल्हं ओढलं. मी सोडेना. तिने माझ्या बोटांवर चापट मारली, वल्हं काढून पाण्यात टाकून दिलं, आणि तिची टोपी माझ्या तोंडावर पालथी ठेवली, चेहरा चिरू नये म्हणून. मग आमच्या कडेला स्वतः उताणी झाली आणि पाय छताला लावले.

टोपीखाली अंधार होता. मासळीचा आणि तेल लावलेल्या केसांचा वास होता. कानाशी सुमनबाईची पावलं होती, गार. वर टोपीला कालवं करकरत होती. बोट दोनदा थांबली. दोनदा त्या बाईने कण्हून पाय रोवले. मला करण्यासारखं काही नव्हतं. आयुष्यभर मी मिठागरावर, घरात, दवाखान्यात काही ना काही करत राहिले, माझ्या हाताने सगळं हलतं असं धरून चालले. ते हात छातीवर ठेवून मी पडून राहिले आणि ज्या बाईचं नावही मला ठाऊक नव्हतं तिच्या पायांच्या बळावर निघाले. भीती वाटली नाही. का वाटली नाही ते मला सांगता येत नाही.

टोपीच्या विणीतून ऊन आलं तेव्हा कळलं, बाहेर आलो.

मोठ्या बोटीवर सुमनबाईला पंप दिला, प्राणवायू लावला. तासाभराने ती बसून मला म्हणाली, "ताई, नऊ पाऊणे किती?"

गाइडने त्या बाईकडे चौकशी केली. तिला कोणी पाठवलं नव्हतं. ती सकाळी आत कालवं काढायला गेली होती, सुरी विसरली, ती न्यायला आली. आणि आमच्या गडबडीत सुरी आतच राहिली. गाइडने हेही सांगितलं, की त्या समुद्रात भरती दिवसातून एकदाच येते. आमच्यासारखी दोनदा नाही. चंद्र तोच, पण पाणी त्याचं वेगळं ऐकतं. मला हे ठाऊक नव्हतं, यात माझा दोष नाही. माझा दोष पुढे आहे. तळ्यात माझ्या डोक्याच्या वर हातभर कालवांची पांढरी रेघ होती. पाणी जिथवर येतं तिथवरच कालवं धरतात. ओहोटी असती तर त्या रेघेखालचा दगड ओला असता. तो पाण्याच्या काठापर्यंत कोरडा होता. सुमनबाईने हात फिरवून मला सांगितलंही. मी त्या रेघेखाली बसून कालव खाल्लं आणि तोंडाने पाऊणकी म्हणत राहिले.

त्या बाईला द्यायला माझ्याकडे काही नव्हतं. सुमनबाईच्या पिशवीत बेसनाच्या लाडवांचा डबा आणि चिवडा होता. विधवेने ओटी भरू नये म्हणतात. मी भरली. तिने टोपी उलटी करून पुढे धरली, मी त्यात डबा आणि चिवडा ठेवला आणि वाकून तिच्या रबरी बुटांना हात लावला. तिने तिथेच एक लाडू तोंडात टाकला, टाळ्याला चिकटला तसं तोंड वाकडं केलं, आणि हसली. पुढचे दात नव्हते.

तिला देवीने पाठवलं असं मी म्हणत नाही. ती सुरीसाठी आली होती. पण मी मागितलं आणि ती आली, हे दोन्ही माझ्यासमोर घडलं, आणि त्यातलं एक वगळून मला सांगता येत नाही.

पनवेलला परतले तेव्हा घराला रंग लागला होता. कोणी फारसं विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. सुनेकडून टाक मागून घेतला. पुढच्या मंगळवारी सुमनबाई रिक्षाने आली, आम्ही गाडी करून पळस्प्यावरून कार्ल्याला गेलो. दर दहा पायऱ्यांवर बसलो. माझे गुडघे आणि तिचा दम, दोन्ही एकाच वेळी थांबायला सांगत होते. वर गेल्यावर मी काही मागितलं नाही, काही कबूल केलं नाही. आले, एवढं सांगितलं. यांना का नेलंस हेही विचारलं नाही. ते वल्हं माझ्या हातात कधी नव्हतंच.

आता मंगळवारी सुमनबाई माझ्याकडे येते, गुरुवारी मी तिच्याकडे जाते. लिफ्ट अकराव्या मजल्यावर थांबली की मी उठते.

त्या बिळातून त्या दिवशी तिघी जिवंत बाहेर आलो. मी, सुमनबाई, आणि सुरी न्यायला आलेली ती बाई.