कोच बघायला गेलेले आबा

आबा गेल्याचं मला मांजरसुंब्याला कळलं. पुण्याचा सामना हरून आमच्या फुटबॉल क्लबची बस परत येत होती आणि सकाळच्या नाश्त्याला आम्ही नेहमीच्या ढाब्यावर उतरलो होतो. पोरं हात धुऊन बसली होती, पोह्यांच्या ताटल्या समोर आल्या होत्या आणि क्लबच्या ऑफिसातून फोन आला... 'सर, आबा पहाटे गेले.' मी काही बोलायच्या आधीच कर्णधार इरफानने माझं तोंड बघून ओळखलं. ताटल्या तशाच राहिल्या. बस बीडला थांबलीच नाही, गेवराईवरून सरळ उमापूरला गेली. निळे ट्रॅकसूट घातलेली वीस-बावीस पोरं गल्लीतून ओळीने चालत आली तेव्हा आबांच्या भाऊबंदांना हे कुठलं पथक आलं तेच कळेना. त्याला आता पाच आठवडे झाले.

आबा म्हणजे लक्ष्मण आबा. वयाच्या पन्नाशीपर्यंत मेंढरांमागे चाललेला माणूस. आमच्या क्लबचे मालक भाऊसाहेब गेवराईकडच्या मोठ्या बागायतदार घरातले. त्यांच्या वडिलांच्या रानात आबांचा कळप दरवर्षी खतासाठी बसायचा, आणि बैल घ्यायचा असो की सालगडी ठेवायचा असो, आबांना विचारल्याशिवाय त्या घरात काही ठरत नसे. पुढे भाऊसाहेबांनी बीडबाहेर मैदान केलं, पगारी खेळाडू आणले, व्यावसायिक लीगमध्ये संघ उतरवला, तेव्हा लोकांनी त्यांना वेड्यात काढलं. त्यात मैदानाची देखभाल आबांकडे दिल्यावर तर हसायला निमित्तच मिळालं. 'हयातभर गवत चारलं, अन् आता गवत राखाया बसवलंय मला,' असं आबा स्वतःच सांगायचे आणि सगळ्यांच्या आधी हसायचे. पण पाहुण्या संघांचे कोच ते गवत वाकून हाताने चाचपून बघत, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. खेळाडूंचा आबांवर भारी जीव. घरापासून लांब राहणारी पोरं ती. कुणाला ताप आला, कुणाचं घरी भांडण झालं, तर आधी आबांच्या खोलीवर जायची, मग माझ्याकडे यायची.

मी दिंद्रुडचा. आमचं कापडाचं दुकान, आणि दुकानदाराचा मुलगा चेंडूमागे धावतो याचं वडिलांना शेवटपर्यंत नवल वाटत राहिलं. मी क्लबचा सहायक प्रशिक्षक होतो. सहा वर्षांपूर्वी आमचे परदेशी मुख्य प्रशिक्षक सुट्टीला म्हणून गेले आणि तिकडूनच दोन ओळींचा मेल पाठवून मोकळे झाले. हंगाम अर्धा बाकी होता. तात्पुरता संघ माझ्याकडे आला आणि मी पहिल्याच दिवशी मनात ठरवून टाकलं की हे पद आता आपलंच. खोटं कशाला बोलू? आयुष्यात दुसरं काही मी इतकं मागितलं नव्हतं. बायकोला तर 'झालंच समज' असंसुद्धा सांगून बसलो होतो.

अर्ज पुष्कळ आले. फायली, प्रमाणपत्रं, व्हिडिओ. भाऊसाहेबांनी त्यातली तीन नावं काढली, चौथं माझं ठेवलं, आणि सगळ्यांसमोर म्हणाले, 'कागदं मला कळत्यात. मान्सं आबाला कळत्यात. आबा, तुमी बघून या. सुधाकर गाडी चालवंल.' म्हणजे ज्या जागेसाठी मी जीव टाकत होतो, त्या जागेचे उमेदवार दाखवायला आबांना मीच घेऊन जायचं! स्थळ बघायला निघालेल्या पाहुण्यांच्या गाडीवर नवरदेवालाच ड्रायव्हर केल्यासारखा तो प्रकार होता. मी हे आबांना बोलून दाखवलं तर म्हणाले, 'मंग हळू चालव बे, नवरदेवा.'

आबा फुटबॉल कधी खेळले नव्हते. ऑफसाइड त्यांना अखेरपर्यंत पटला नाही. 'म्होरं जायाचं अन् म्होरं गेला म्हनून शिट्टी मारायची, ह्यो कुटला न्याय?' असं ते विचारायचे. मग ते कोच कसा निवडणार याची मला उत्सुकता होती, आणि थोडी खुशीही, कारण गोंधळ झाला असता तर मी होतोच. पहिल्या ठिकाणी, पुण्याला, त्या कोचने आमचं मोठं आगतस्वागत केलं आणि लॅपटॉप उघडून आबांना बाण-वर्तुळं दाखवली. आबांनी मान डोलावली. मैदानावर सराव सुरू झाल्यावर थोड्या वेळाने माझ्या कानाशी लागले, 'ह्याला च्या प्यायला घिऊन जा. धा-पंधरा मिन्टं हिकडं यिऊ दिऊ नको.' मी नेलं. परत आलो तेव्हा आबा एकटेच कडेच्या पायरीवर बसले होते आणि पोरं गवतावर लोळत मोबाइल बघत होती. गाडीत बसल्यावर म्हणाले, 'चल फुडं.'

दुसऱ्या गावीही तेच. कोचला चहाला न्यायचं काम माझं, पायरीवर बसायचं काम आबांचं. तिथे कोच गेल्यावर खेळाडूंची आपसात जुंपली म्हणे. तेव्हा कुठे मी विचारलं, की आबा, तुम्ही कोचकडे बघतच नाही, हे काय चाललंय? त्यांनी खिडकीबाहेर बघत सांगितलं, 'कोच आपल्याम्होरं ग्वाडच बोलनार की. आमी मेंढक्या ठिवायचा म्हन्लं का, त्याला कायतरी कामाला धाडायचो अन् आपन बांधावर बसायचो. मानूस गेल्यावर मेंढरं चरत ऱ्हायली का पांगली, येवढंच बघायचं.' मी म्हणालो, खेळाडू म्हणजे काय मेंढरं आहेत का? तर म्हणाले, 'न्हाईत. म्हनूनच तर लई नीट बघावं लागतंय.'

तिसरे कोल्हापूरचे सर. बुटके, कमी बोलणारे, आवाजसुद्धा बारीक. त्यांना मी चहाला नेलं, आणि खरं सांगतो, त्या दिवशी मुद्दाम लवकर परत आणलं. पण व्हायचं ते होऊन गेलं होतं. सर मैदानात नाहीत हे तिथल्या पोरांच्या ध्यानातच आलेलं नव्हतं. एक जण दुसऱ्याला थांबवून पाय कसा ठेवायचा ते दाखवत होता, बाकीचे वाट बघत उभे होते, आणि आबा पायरीवरून उठून पार कडेच्या रेषेपर्यंत गेले होते. परतीच्या वाटेवर गाडीत शेवटी न राहवून मीच म्हणालो, 'आन् माझं, आबा?' म्हणाले, 'तुजं बी बघनार. पन सांगून न्हाई.'

चार दिवसांनी सकाळच्या सरावात मला ऑफिसातून बोलावणं आलं. कुठल्याशा कागदावर सही हवी होती. मी गेलो, सही केली, परत आलो... तर चेंडू मैदानाच्या मधोमध एकटा पडलेला आणि सगळा संघ सावलीत, आबांच्या भोवती. आबांनी माझ्याकडे बघितलं आणि नजर खाली घातली. दुसऱ्या आठवड्यात कोल्हापूरच्या सरांचं नाव जाहीर झालं. आबा स्वतः साहित्याच्या खोलीत येऊन मला म्हणाले, 'तू गेला अन् पोरं थांबली, सुधाकर. काय करू? बघितलं ते सांगितलं.'

आता जे लिहितो ते मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. सराव थांबला त्याच्या दुसऱ्याच दिवशी इरफान माझ्याकडे आला होता. म्हणाला, 'सर, आमी तुमी गेलात म्हनून न्हाई थांबलो. आबा आलते ना! एवढा म्हातारा मानूस उन्हात आला, खुर्ची नको का द्यायला? राम राम नको का घालायला?' साधी गोष्ट होती. पुण्यात, कोल्हापुरात आबांना ओळखत कोण होतं? तिथे ते पायरीवर बसलेले कुणी एक पटकेवाले. आमच्या मैदानावर ते आबा होते. ते आल्यावर पोरं उठली नसती तर मीच त्यांना फैलावर घेतलं असतं. एवढा मुरलेला माणूस, पण परीक्षा घेताना स्वतःला मोजायचं विसरला होता. मला हे कळलं तेव्हा निर्णय व्हायला अजून पाच-सहा दिवस होते. उठून त्यांच्या खोलीवर जायचं, इतकंच करायचं होतं. मी गेलो नाही. त्यांना कळायला नको का, इतकी वर्षं ओळखतात मला, असा माझा ताठा. आणि निर्णय झाल्यावर तर काय, अन्याय झालेला माणूस म्हणून मिरवणं मला आवडायलाच लागलं. आबांशी 'हो' आणि 'नाही' यापलीकडे बोलणं मी बंद केलं. त्यांच्या खोलीवरचा चारचा चहा सोडला. ते हाक मारायचे, मी काम आहे म्हणायचो. दोन वर्षं! आज त्या दोन वर्षांची मला लाज वाटते.

दरम्यान कोल्हापूरच्या सरांनी संघ उत्तम बांधला हेही सांगितलं पाहिजे. मी सरावात अखंड ओरडायचो. त्यांनी मला गप्प उभं राहायला शिकवलं, ते शिकायला मला एक अख्खा हंगाम लागला. मग आबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि ते तीन-चार महिने उमापूरलाच राहिले. परत आले ते सकाळी, काठी टेकत, थेट मैदानावर. सर त्या वेळी फोनवर बोलत फाटकाबाहेर गेले होते. पोरांनी आबांना बघितलं मात्र, चेंडू तिथेच टाकून सगळी धावली. कुणी खुर्ची आणली, कुणी गुडघा चाचपतंय, कुणी घरचं विचारतंय. त्या गर्दीत मला आबांचा चेहरा दिसला. ते पोरांकडे बघत नव्हते. मधे पडलेल्या चेंडूकडे बघत होते, आणि मग माझ्याकडे.

त्या दुपारी त्यांनी मला बोलावलं. 'हे तुला म्हाईत व्हतं?' मी हो म्हणालो. 'कवापसून?' दुसऱ्या दिवसापासून, म्हणालो. त्यांनी गुडघ्यावरून हात फिरवला. मग म्हणाले, 'मंग बोलला कावून न्हाई बे? म्या चुकलो, ते माजं. पन तू गप बसला, ते तुजं हाय.' ते लगेच भाऊसाहेबांकडे जायला निघाले, तेव्हा मी हात धरून त्यांना खाली बसवलं आणि सांगितलं, की नका जाऊ, सर चांगले आहेत, माझं मी बघीन. हे मी मनापासून म्हणालो होतो. चहा त्यांनीच केला. नेहमीसारखा पाकासारखा गोड.

पण आबांनी स्वतःला एक शिक्षा लावून घेतली. मैदानाच्या कडेला बसणं त्यांनी सोडलं. कुंपणापलीकडे एक निंबाचं झाड आहे, त्याच्या बुंध्याआड जाऊन बसायला लागले, पोरांना दिसू नये म्हणून. आता निंबाचा बुंधा तो केवढा आणि आबा केवढे! एका बाजूने पांढरा पटका दिसायचा, दुसऱ्या बाजूने काठी. पहिल्याच दिवशी सगळ्यांनी बघितलं. आणि त्याच दिवशी इरफानने पोरांना दम भरला, की त्या झाडाकडे कुणी बघायचं नाही, आबांना वाईट वाटेल. कुणी बघितलं नाही. कॉर्नर मारायला त्या कोपऱ्यात गेलेला खेळाडूसुद्धा मान वळवायचा नाही. सराव उरकला की आबा कुंपणाला वळसा घालून फाटकातून आत येत आणि 'कवा सुटला सराव?' असं विचारत. पोरं गंभीर तोंडाने वेळ सांगत. अशी चार वर्षं गेली, आणि या काळात आबांनी खेळाबद्दल मला एक शब्द सांगितला नाही.

शेवटची भेट उमापूरलाच झाली. अंथरुणाला खिळले होते, आवाज बसला होता, पण क्लबची खबर सगळी होती. 'सर गावाकडं चालले म्हनं? मंग आता कोच बघाया कुनाला धाडत्यात?' मी म्हणालो, अजून ठरलं नाही. 'म्या यिऊ का?' असं म्हणून स्वतःच हसले. मीही गमतीत बोलून गेलो, 'या की आबा. पण ह्या वक्ताला जरा मोठ्या झाडामागं बसा.' त्यांचं हसू थांबलं. 'म्हंजे? दिसत व्हतो का काय म्या?' मी घाईघाईने म्हणालो, 'न्हाई आबा. कुणालाच दिसत नव्हता.' त्यांनी डोळे मिटले. 'तेच म्हन्लं. दिसलो असतो तर थांबली असती की पोरं.' मी त्यांचा हात हातात घेऊन बसलो. त्यांना खरं सांगायला हवं होतं का, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

आबांचे दिवस झाल्यावर भाऊसाहेबांनी मला बोलावून घेतलं. या वेळी ना फायली होत्या, ना दौरा. म्हणाले, 'आता तूच सांभाळ.' आणि मग, 'आबा तवाच येऊन माज्यापाशी कबूल करून गेलते. तू नको म्हन्ला व्हता म्हनं. पन त्यांच्या पोटात कुटं ऱ्हायतंय...' मी घरी येऊन बायकोला बातमी दिली आणि तिच्यासमोर लहान मुलासारखा रडलो. सहा वर्षं ज्याची वाट बघितली ते हातात आलं होतं, आणि ते जाऊन सांगावं असा माणूस तेवढा राहिला नव्हता.

गेल्या सोमवारी मुख्य प्रशिक्षक म्हणून माझा पहिला सराव झाला. मणिपूरहून नवा गोलकीपर आला आहे, एकोणीस-वीस वर्षांचा, आबांना त्याने कधी पाहिलेलं नाही. लांब गेलेला चेंडू आणायला तो कुंपणाकडे धावला आणि तिथेच उभा राहून निंबाच्या झाडाकडे बघायला लागला. कुणी पक्षी-बिक्षी दिसला असेल त्याला. इरफान मैदानाच्या दुसऱ्या टोकावरून ओरडला, 'अरे, उधर नहीं देखना!' त्याने विचारलं, का? इरफान मोडक्या हिंदीचा नाद सोडून सरळ आपल्या बोलीवर आला, 'आबा बसतेत तिथं.'

कुणी हसलं नाही, कुणी थांबलं नाही. चेंडू परत आला आणि खेळ पुढे चालू झाला. मी झाडाकडे पाठ करून उभा होतो. सराव संपेपर्यंत तसाच राहिलो.