बटाट्याच्या सुट्टीतलं गाव

गाडीतून न उतरता मी एका गावाला मेलेलं ठरवलं. चूक माझीच.

अमेरिकेतल्या मेन राज्याच्या उत्तर टोकाला, नदीकाठी हे गाव आहे. पलीकडचा काठ कॅनडाचा. दोन वर्षांपूर्वी सप्टेंबरात तिथून जाताना शाळेला कुलूप दिसलं, रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. न्यू जर्सीतल्या आमच्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकात मी लिहिलं, 'शाळाही बंद पडलेलं, शेवटचे श्वास मोजणारं गाव.' आमच्या गावात, पिस्कॅटवेत, खूप कौतुक झालं.

जवळच्याच पार्सिपनीतल्या मित्राची मुलगी सायली त्याच गावच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणून निघाली होती. लेख वाचून तिच्या आईनं अंथरूण धरलं. सायली तरीही गेली. या ऑगस्टात तिचा फोन आला.

"काका, स्कूल बंद नव्हती. हार्वेस्ट ब्रेक होता. बटाटे काढायला मुलांना तीन वीक्स सुट्टी देतात. तुमचं आर्टिकल मी इथल्या टीचरला इंग्लिशमध्ये वाचून दाखवलंय."

"अगं, कशाला?"

"तिनं विचारलं, तुझी आई फोनवर का रडते."

माफीची ईमेल तीनदा लिहून पुसली. मग ठरवलं, जायचं. तेही बटाटे काढण्याच्या दिवसांतच.

अकरा तास ड्राइव्ह केलं. शेवटचे काही तास नुसतं जंगल. मग एकदम उघडी, उकरलेली तांबूस शेतं. सायली मला थेट शिक्षिकेकडे, लुसीलबाईंकडे घेऊन गेली. सत्तरीच्या बाई तव्यावर प्लॉय (कुट्टूच्या पिठाचं धिरडं) घालत होत्या. एकाच बाजूनं भाजतात, उलटत नाहीत.

"म्हणजे आम्हाला जिवंतपणी पुरणारा माणूस तो हाच," त्या म्हणाल्या आणि ताट पुढे सरकवलं.

खाताना गावाचा इतिहास कळला. पूर्वज फ्रेंच बोलणारे; आधी ते नदीच्या दोन्ही काठांवर वसले, देशांची सीमा नंतर आली. भाऊ अलीकडे, बहीण पलीकडे.

"आणि लोकसंख्या?" मी चाचरत विचारलं.

"मी शिकवलेल्या पहिल्या वर्गात बाकांच्या चार रांगा होत्या, आता एक. कमी झालोय, खरंय. पण तू मोजायला थांबलाच नाहीस."

मी माफीसाठी तोंड उघडलं, तर त्यांनी हातमोजे दिले. "आधी काम."

दिवसभर शेतात, बटाटे काढायच्या यंत्रावर उभा राहून सरकत्या पट्ट्यावरच्या बटाट्यांतून दगड वेचले. कंबरेचे टाके ढिले झाले. डावीउजवीकडे मुलं भराभर हात चालवत होती. माझ्या लेखातली बंद पडलेली शाळा ती हीच.

"सर, तुमचे दगड सुटतायत," एक मुलगी म्हणाली. सगळे हसले.

यंत्र थांबल्यावर मुलांसमोरच मी लुसीलबाईंची माफी मागितली. त्यांनी ऐकून घेतलं.

"लेख छापला होतास ना? मग हेही छाप."

परतताना वाकडी वाट करून पार्सिपनीला सायलीच्या आईसमोर बसलो. तिनं चहा दिला आणि तो जुना अंक माझ्यापुढे ठेवला.

म्हणून मंडळाच्याच यंदाच्या दिवाळी अंकात हे लिहितो. ते गाव जिवंत आहे, शाळा चालू आहे. मी न पाहता लिहिलं. गावकऱ्यांनो, मुलांनो, सायलीच्या आई, माझं चुकलं. मला माफ करा.