तांदळाच्या डब्यातले चिकू

चिकू झाडावरून उतरवला की संपला, असं लोकांना वाटतं. तसं नसतं. तो श्वास घेत असतो, आतून गरम होत असतो, आणि पिकायला लागला की एक वायू सोडतो. त्या वायूने शेजारचा चिकू पिकतो, त्याच्यामुळे त्याच्या शेजारचा, आणि बघता बघता अख्खी पेटी मऊ होते. फळं-भाज्या काढणीनंतर ताज्या कशा राहतील, यावर संशोधन करणाऱ्या प्रयोगशाळेत मी नोकरीला होते. ही साखळी तोडणं हे माझं काम. जांभळ्या औषधात भिजवलेल्या खडूच्या पुड्या आम्ही भोकं पाडलेल्या प्लास्टिकच्या पिशव्यांत चिकूंसोबत ठेवायचो. पुडी तो वायू शोषून घ्यायची, मग शेजाऱ्याचं शेजाऱ्याला काही कळायचं नाही. जांभळी पुडी तपकिरी झाली की तिचं काम संपलं.

ऐंशीचं दशक संपत आलं तेव्हा मी आणि आई दादरची भाड्याची खोली सोडून भाईंदर पूर्वेला आलो. गोडदेवच्या अंगाला तेव्हा इमारतींमागून इमारती उठत होत्या, आणि आमच्या इमारतीचा रंगही अजून ओला होता. आईला वर्षभरही तिथे राहणं लाभलं नाही. ती गेल्यावर वन रूम किचन इतकं मोठं असू शकतं हे मला पहिल्यांदा कळलं. संध्याकाळी भाजी घ्यायला थांबले की भाजीवाला विचारायचा, "मॅडम, सिर्फ पाव किलो?" रोज तोच प्रश्न. एकदा चिडून किलोभर भेंडी घेतली, ती पुढे सडली. भाज्या टिकवण्यावर पगार घेणाऱ्या बाईच्या घरात भेंडी सडली, यावर हसायलासुद्धा समोर कुणी नव्हतं.

एखाद्या रविवारी पश्चिमेहून बस पकडून उत्तनला जायची, कधी पुढे चौक गावापर्यंत. मासे वाळत घातलेले असायचे, बायका या टोकाकडून त्या टोकाला ओरडून बोलायच्या. एकदा एकीने विचारलं, "कोनाकडं आयलीस गो?" कुणाकडेच नाही, हे सांगायची लाज वाटली. म्हणून तिच्याकडून जवळा घेतला आणि जवळ्यासाठीच आल्यासारखी परत फिरले.

प्रयोगशाळेतल्या थंड खोलीत आमचे चिकू छान टिकायचे. पण लोक काही थंड खोलीत राहत नाहीत, त्यामुळे साध्या घरात, साध्या स्वयंपाकघरात ते किती टिकतात हे बघायचं ठरलं. सरांनी सगळ्यांच्या घरी ट्रे वाटले. निकाल मजेशीर आले. एकाच्या मुलांनी फळं शाळेत नेली, एकीच्या सासूबाईंनी चांगली चांगली निवडून नैवेद्याला ठेवली, एकाकडे पाहुणे आले आणि मिल्कशेक झाला. सर वैतागले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुमच्या घरी ठेवू या सगळे. तुमच्याकडे कोण हात लावणार?"

त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. ते माझं कौतुकच करत होते. ही चाचणी नीट पार पडली तर अहवालावर पहिलं नाव माझं लागेल, असंही म्हणाले. माझं नाव तोवर नेहमी शेवटी, आभाराच्या जवळपास असायचं. मी हो म्हटलं, आणि घरी जाताना सगळ्या वाटेवर ते ‘कोण हात लावणार’ दाताखाली खडा आल्यासारखं टोचत राहिलं.

ट्रे आले. आईच्या पलंगावर ते रांगेने मांडले. काही चिकू उघडे, काही नुसत्या पिशवीत, काही पिशवीत पुडीसकट. सकाळ-संध्याकाळ मी एकेकाला अंगठ्याने दाबून बघायची, वास घ्यायची, नोंद करायची. घरात चिकूंचा घमघमाट आणि खायला वरण-भात, अशी माझी गंमत होती. चाचणीतलं फळ तोंडात घालायचं नाही हा नियम मी एकटी असतानाही पाळायची. तेवढा एकच नियम मला कुणीतरी घालून दिलेला होता.

माझ्या घरात पाऊल टाकणारं माणूस एकच, समोरच्या दारातल्या काकी. नांदेडकडच्या. त्यांच्या दारावर पंचशील झेंड्याचं स्टिकर होतं आणि दार दिवसभर उघडं असायचं. आमच्याकडे पाणी यायचं भर दुपारी, मी तेव्हा ऑफिसात. आई गेल्यावर काकी स्वतःहून म्हणाल्या, "किल्ली देऊन ठिवा ताई, पिंप भरून ठिवत जाईन." तेव्हापासून माझी दुसरी किल्ली त्यांच्या कमरेच्या पिशवीत होती. संध्याकाळी आले की पिंप भरलेलं, वर झाकण, झाकणावर उपडा तांब्या. कधी ओट्यावर स्टीलच्या डब्यात पिठलं नाहीतर शेंगदाण्याची चटणी. डबा रिकामा परत करायचा नसतो, पण माझ्याकडे घालायला काय असणार? मी चिमूटभर साखर घालून द्यायची. पलंगभर चिकू मांडलेल्या बाईकडून प्रत्येक वेळी साखर! काकी काही बोलायच्या नाहीत, पण मलाच मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

चाचणी रंगात आली होती. उघडे चिकू केव्हाच मऊ पडले होते, पुडीचे मात्र अजून टणक होते. आणि एका संध्याकाळी मी दार उघडलं तर पलंगावरचे ट्रे रिकामे.

खिडकीच्या दोरीवर माझ्या भोकाच्या पिशव्या स्वच्छ धुऊन चिमट्यांनी वाळत लावल्या होत्या. पुड्या केराच्या डब्यात होत्या. तेवढ्यात काकी पदराला हात पुसत आत आल्या, खुशीत होत्या.

"प्लास्टिकात घामेजले व्हते बगा. किती दिस झाले, कच्चेच. तुमाला येळ न्हाई हे मला ठावं हाय. मऊ झालेले फेकले आन् बाकीचे तांदळात घातले. दोन दिसात पिकतेल."

मी तांदळाचा डबा उघडला. तांदळात कोपरापर्यंत हात घातला तर एकामागून एक चिकू हाताला लागत गेले. जे पिकू नयेत म्हणून आम्ही सगळे जिवाचं रान करत होतो, ते आता उबेला बसले होते.

"काकी, ते खायचे नव्हते हो," मी म्हणाले. "ऑफिसचे होते."

"हापिसचे?" त्यांचा चेहरा उतरला. "मंग खानार कोन व्हतं ते?"

"कुणीच नाही."

मी असं म्हणाले आणि आम्ही दोघी त्या रिकाम्या पलंगाकडे बघत राहिलो. मग काकी निघून गेल्या. त्या रात्री मला राग आला, रडूही आलं.

दुसऱ्या दिवशी सरांना सगळं सांगितलं. त्यांनी कपाळावर हात मारला, पण आवाज चढवला नाही. "डहाणूहून नवी पेटी मागवतो. पहिल्यापासून करू. फक्त त्या बाईंकडून किल्ली परत घ्या. या वेळी कुणाचाही हात लागता कामा नये."

किल्ली परत घ्यायची म्हणजे काय करायचं, हे माझ्या डोळ्यांसमोर लख्ख दिसलं. पिंपावरचा उपडा तांब्या जाणार होता. ओट्यावरचा पिठल्याचा डबा जाणार होता. राहणार होते ते एकमेकांचा वारा न लागलेले चिकू आणि मी.

"माझ्या घरी नको, सर," मी म्हणाले.

"का?"

"आता हात लावणारं माणूस आहे."

त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. "लग्नबिग्न केलंत की काय?"

"नाही. शेजारीण आहे."

चाचणी एका सहकाऱ्याकडे गेली, त्याची बायको माहेरी होती. अहवालावर पहिलं नाव त्याचं लागणार हे उघड होतं. मला चांगलंच वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू.

घरी आले तर पिंप कोरडं ठणठणीत. पाणी येऊन गेलं होतं, भरलं कुणीच नव्हतं. खांद्यावरची पर्स उतरवण्याआधीच बेल वाजली. दारात काकी. एरवी सरळ आत येणाऱ्या काकी उंबऱ्याबाहेर उभ्या होत्या आणि हात लांब करून तळव्यावर किल्ली धरली होती.

"घ्या, ताई. माझ्याकडं नगं. माझा हात लागला न् तुमचं नुसकान झालं."

ते वाक्य त्यांच्या घरात त्यांच्या आधी किती जणींना म्हणावं लागलं असेल, हे माझ्या त्या क्षणी लक्षात आलं.

"मग मी उद्या आंघोळ कशाने करू?" मी ओरडलेच. "आणि ते डबाभर चिकू एकटीने खाऊ? पोट बिघडलं तर बघायला कोण येणार आहे? हात लावा, काकी. काय पाहिजे त्याला हात लावा. मला या घरात कुणाचा तरी हात लागलेला हवाय."

काकींनी लांब केलेला हात मागे घेतला. मग किल्ली त्यांनी कमरेच्या पिशवीत टाकली आणि म्हणाल्या, "येडी हाईस का गं तू?" आत येऊन त्यांनी आधी पिंप आतून घासून काढलं.

दुसऱ्या दिवशी आले तेव्हा पिंप काठोकाठ भरलेलं होतं, वर उपडा तांब्या. तांदळाच्या डब्याचं झाकण किंचित तिरकं बसलं होतं. आणि ओट्यावर, सालींच्या शेजारी, चिकूच्या दोन काळ्या चकचकीत बिया पडल्या होत्या. मी दिवा लावून त्यांच्याकडे बघत बसले. मी नसताना माझ्या घरात कुणीतरी बसून खाऊन गेलं होतं.