तिसऱ्या दिवशी बोललेलं खोटं

गेल्या महिन्यात बेळगावातल्या एका कॉलेजात आमच्या साड्यांच्या धंद्यातल्या बड्या एजंटाचं व्याख्यान झालं. विषय होता, धंद्यात ओळखी कशा जोडाव्या आणि टिकवाव्या. "माणसं जोडा, पोरांनो, माल आपोआप विकतो," तो म्हणाला. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मी पहिल्या रांगेत होतो. भर सभेत त्याला उघडा पाडावा असं फार वाटलं, पण उठलो नाही. म्हणून इथं लिहितो. नाव लिहीत नाही. आमच्या वडगाव-शहापूरच्या विणकर पेठांत ज्याला कळायचं त्याला कळेल.

मी आयुष्यभर त्याच्या हाताखाली काम केलं. प्रत्येक दुकानदाराच्या घरी वर्षातून एकदा माल न घेता जायचं, हा त्याचा नियम. लग्न चुकलं तर चालेल, तिसऱ्या दिवसाचं रक्षाविसर्जन चुकवायचं नाही. "लग्नाला कोण आलतं ते कुनाच्या ध्यानात ऱ्हात न्हाय. तिसऱ्या दिवशी कोण आलतं ते माणूस मरंपतुर विसरत न्हाय," म्हणायचा. स्वतः क्वचित जायचा. मला पाठवायचा. निपाणीपासून कोल्हापूरपर्यंत किती घरांच्या राखेपुढं मी हात जोडून उभा राहिलो, सांगता येणार नाही.

आमच्या गल्लीत एक विणकर होता. त्याच्या साडीचा काठ असा उतरायचा की दुकानदार नाव घेऊन मागायचे. "माल फक्त माझ्यामार्फत द्यायचा," असं एजंटानं त्याला सांगितलं. तो हसला. "माझी साडी मी कुनालाबी दीन की."

त्याच आठवड्यात निपाणीच्या एका मोठ्या दुकानदाराचे वडील वारले. रक्षाविसर्जनाला भागातले सगळे कापडवाले जमणार होते. एजंट मला म्हणाला, "जाऊन ये. आणि त्या विणकराच्या साडीचा रंग सुटतोय, असं जरा कानावर घालून ये."

राख सावडून झाली. मंडळी झाडाखाली बसली होती. दुकानदाराला, त्याच्या चार पाहुण्यांना ऐकू जाईल इतपत आवाजात मी म्हटलं, "आमच्या गल्लीतल्या त्या विणकराच्या साडीचा रंग सुटतोय म्हणतेत. बघून घ्या." रंग सुटत नव्हता. माझ्या बायकोच्या अंगावर त्याचीच साडी असायची, मला ठाऊक नसेल? पण तशा जागी कोणी खोटं बोलेल हे कुणाच्या मनातही येत नाही. एकानंही साडी पाण्यात बुडवून बघितली नाही.

दोन वर्षांत त्याचे माग भंगारात गेले. पुढं तो दुसऱ्याच्या मागावर मजुरी करत मेला. त्याच्या तिसऱ्यालाही मी गेलो, हात जोडून उभा राहिलो.

आता त्याची मुलगी दोन माग चालवते. व्याख्यानानंतर तिच्या घरी जाऊन मी सगळं सांगितलं. तिनं माग बंद केला.

"निपाणीत अजून म्हणतेत, त्या घरचा रंग सुटतो. माझं बंडल सोडून बघत न्हाईत. मला सांगून काय उपेग, आप्पा? ज्यांस्नी सांगितलंसा त्यांस्नी सांगा."

दुसऱ्या दिवशी दोघं निपाणीला गेलो. बसमध्ये ती माझ्याशेजारी बसली नाही.

दुकानदार आता पिकलाय. "या या आप्पा, लई दिसांनी!" म्हणून त्यानं चहा सांगितला. मी बोललो. कुणी बोलायला लावलं तेही बोललो. तो भडकेल, एजंटाला तिथूनच फोन लावून शिव्या घालेल, अशी माझी आशा होती. त्याचसाठी तर इतका लांब आलो होतो.

"तुमच्या एजंटानं मला कधी काय सांगितलं न्हाय," तो म्हणाला. "तुमी बोललासा. माझ्या बापाच्या राखंपाशी."

"व्हय."

"आणि मी मानलं. तुमी आलतासा म्हणून मानलं." त्यानं चहावाल्याला हातानंच परत पाठवलं. मग मुलीकडं वळला. "आक्का, बंडल सोडा. आणि आप्पा, तुमी भायेर थांबा. परत ह्या दुकानाची पायरी चढू नगा. तुमच्या एजंटालाबी तेच सांगा."

मी बाहेर उन्हात येऊन थांबलो. काचेतून दिसत होतं, ती एकेक घडी उलगडत होती आणि तो काठावरून बोट फिरवत होता. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की एजंटाच्या ओळखी म्हणजे मीच. दारोदार मी उभा राहिलो होतो. माझ्यासाठी जे दार बंद होईल ते त्याच्यासाठीही होणार.

मी फोन काढला. कोल्हापूरच्या दुकानाला सांगितलं, उद्या येतोय, विणकराची मुलगी बरोबर आहे, वेळ ठेवा.