बटण कुणाचं ऐकतो

माझे काका शिंपी. गळ्यात टेप, ओठांत टाचण्या, आणि बोलणं त्या टाचण्यांच्या फटीतून: "हात... खाली... श्वास सोडा." गिऱ्हाइकाचं पोट सुटलेलं दिसलं तरी बोलून दाखवणार नाहीत, गुपचूप वीतभर कापड जास्त मागतील. इतका मऊ माणूस कुणाला पाण्यात पाहील असं मला वाटलं नव्हतं.

पण बटण आला.

बटण म्हणजे काकांचा सात महिन्यांचा कुत्रा. दुकानाच्या पायरीवर चिंध्यांच्या गठ्ठ्यात सापडला तेव्हा मुठीएवढा होता. काकांनी बाटलीनं दूध पाजून त्याला वाढवलं. आता रस्त्यानं गाडी गेली की हा भुंकत तिच्या मागे. वेगानं जाणाऱ्या गाड्या हाती लागत नाहीत, म्हणून त्याचा खरा जीव समोरच्या ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीवर. ती मुंगीच्या पावलांनी चालते. शिकवणाऱ्यांना सगळी गल्ली क्लचसर म्हणते, कारण दिवसभर खिडकीतून एकच रेकॉर्ड वाजत असते: "क्लच... हळू... हळू हो... सोडलात! सोडलात ना!"

त्या सोमवारी गाडी शिकणाऱ्या बँकेतल्या बाई बटणच्या भुंकण्यानं अशा दचकल्या, की ब्रेकऐवजी अ‍ॅक्सिलरेटर दाबला गेला आणि औषधवाल्यांच्या तीन कुंड्या आडव्या झाल्या. औषधवाले घसा साफ करून, गोळ्या सांगावं तसे म्हणाले, "मास्तर, आठ दिवस. भुंकणं बंद, पळणं बंद. नाहीतर माझ्या मेव्हण्याच्या गोदामावर. साखळीला बांधू. तिथं भुंकला तर कुणाची हरकत नाही."

काकांचा चेहरा उतरला. शिकवणी लगेच सुरू झाली. बटण गाडीमागे सुटला की काका मशीन सोडून, हातात कात्री तशीच घेऊन मागे धावायचे, "बटण! ये रे राजा, ये ये ये!" आणि बिस्किट हलवायचे. बटण यायचा, बिस्किट खायचा आणि पुढच्या गाडीची वाट बघत बसायचा. दुपारपर्यंत पुडा संपला.

"शिकतोय," काका धापा टाकत म्हणाले.

"शिकतोय ना," समोरून क्लचसर म्हणाले. "गाडीमागे पळालं की बिस्किट मिळतं हे शिकतोय. मास्तर, या भावात मीसुद्धा पळेन."

"तुम्ही तुमचा क्लच बघा."

इथवर ठीक होतं. पण मंगळवारी बटण पुन्हा त्या गाडीमागे लागला, तेव्हा क्लचसरांनी खिडकीतून नुसता हात बाहेर काढला, तळवा खाली, आणि म्हणाले, "हळू... घाई नाही... थांबायचं."

बटण बसला. भर रस्त्यात, शहाण्या मुलासारखा. सगळ्या गल्लीनं पाहिलं.

काकांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. आत येऊन त्यांनी एका शर्टाला दोन्ही बाह्या डाव्याच लावल्या.

"अहो, हा शर्ट कुणाचा?" काकूनं विचारलं.

"त्याचाच. क्लचवाल्याचा."

जेवताना घास हातातच राहिला. "दूध मी पाजलं. लस मी टोचून आणली. जुलाब झाले तेव्हा फडकं घेऊन मी बसलो. आणि हा खिडकीतून एक हात काढतो!"

"मला ताप होता तेव्हा थर्मामीटर शोधायला उठला नव्हतात," काकू म्हणाली. "तुमचं जळतंय ते कळतंय. माझं कुणी विचारत नाही."

बुधवारी मला राहवलं नाही. कपडे घालून बघायच्या पडद्यामागे उभी राहून मी क्लचसरांचा आवाज काढला: "हळू... घाई नाही... थांबायचं." कपाटाखालची चप्पल ओढणारा बटण जागच्या जागी बसला. काकांनी ताडकन पडदा सरकवला. आता पाठीत धपाटा, असं मला वाटलं.

"पुन्हा कर," ते हळूच म्हणाले.

मी केलं. बटण बसलेला होताच, तो आणखी नीट बसला.

"असं काय आहे गं त्या आवाजात?"

"काका, ते ओरडत नाहीत. जागचे हलतही नाहीत. तुम्ही ओरडता आणि वर धावता. बटणला वाटत असेल, तुम्हीही गाडीच्याच मागे लागलाय."

काकांनी क्लचसरांच्या शर्टाची एक डावी बाही उसवून उजवी लावली. मग दुरुस्त केलेला शर्ट कागदात गुंडाळून, अकरा वर्षांच्या शेजारात पहिल्यांदा, रस्ता ओलांडून क्लचसरांकडे गेले. मी मागोमाग.

"शर्ट तयार आहे."

"शनिवारी देणार होतात ना?"

"झाला लवकर." काका टेपशी चाळा करत राहिले. "तुमची गाडी माझ्या दुकानावरून... दोनचार वेळा जास्त नेता येईल? सावकाश?"

क्लचसर हसले नाहीत, हे त्यांचं मोठेपण. "नेतो की. पण मी तोंड उघडणार नाही. माझा आवाज आला तर तो माझंच ऐकेल."

काकांचे कान लाल झाले. तरी मान हलवली.

काकांनी बटणला पट्टा लावून दुकानापासून चाळीस पावलं लांब बसवलं. गाडी दिसली, बटणचे कान टवकारले, आणि भुंकायच्या आत त्यानं काकांकडे पाहिलं की बिस्किट. भुंकला तर काही नाही, नुसतं पाठ फिरवून चालायला लागायचं. रोज थोडं पुढे सरकायचं. क्लचसर ओठ आवळून गाडीतून जात. काकांची एक नजर बटणवर, दुसरी त्यांच्यावर.

"त्यानं भुवई उडवली. मी पाहिलं."

"काका, त्यांना शिंक आली होती."

"शिंकसुद्धा नको."

आठव्या दिवशी औषधवाले खुर्ची टाकून बसले. पट्टा सोडला होता. गाडी अगदी हातभरावरून गेली. बटण नखशिखांत थरथरला, त्यानं गाडीकडे बघितलं, आणि मान वळवून काकांकडे. गाडी गेली. बटण बसलेलाच.

"हं," औषधवाले उठले. "राहू दे."

काकांचे डोळे भरून आले होते. तेवढ्यात क्लचसर गाडी थांबवून खाली उतरले, आणि बटण सुसाट सुटला. गाडीकडे नाही. थेट त्यांच्या अंगावर. त्यांची हनुवटी चाटून चाटून ओली केली. काका हातात बिस्किट धरून तसेच उभे.

"मास्तर," हनुवटी पुसत क्लचसर म्हणाले, "रविवारी मैदानावर नेऊ का याला? मोकळा पळेल."

काकांनी बिस्किटाचा पार चुरा केला. "न्या," ते शेवटी म्हणाले. "पण मी बरोबर येणार."

रविवारी काका गाडीत मागे बसले, बटणला दोन्ही हातांनी छातीशी आवळून.

"खिडकी उघडू का? त्याला वारा लागेल," क्लचसरांनी विचारलं.

"माझ्या बाजूची उघडा."

काकू पायरीवर उभी होती. "पंधरा वर्षांत मला एकदा तरी असं धरून बसलात का हो?"

"तू कुठं उडी मारतेस?"

काकू आत गेली. आम्हाला वाटलं, रुसली. ती चप्पल घालून बाहेर आली, मागचं दार उघडलं आणि काकांना म्हणाली, "सरका."