दोन संवादांच्या मधली जागा

इमारतीतले लोक त्यांना रेडिओकाकू म्हणायचे. शिवणयंत्र चालू झालं की तोंडही चालू. बाहीचं माप घेताघेता समोरच्या रस्त्यानं कोण गेलं, कुणाच्या गॅलरीत नवे पडदे लागले, सगळं त्या गिऱ्हाइकाला सांगून टाकायच्या. ही सवय जडली मात्र नवऱ्यापायी.

काका घड्याळं दुरुस्त करायचे. ऐन उमेदीत डोळ्यांना आजार जडला आणि बघताबघता नजर पार गेली. दुकान बंद झालं ते त्यांनी मुकाट सोसलं, पण सिनेमा सुटला याचं दुःख काही गिळवेना. माणूस सिनेमावेडा! शेवटी काकूच म्हणाल्या, "अहो, चला तर खरं. मी सांगते की तुम्हाला!"

थिएटरात काकू त्यांच्या कानाशी लागायच्या. "आता ती दार उघडतेय... हातात सुरी आहे... नाही नाही, कांदा चिरायला घेतलीय." पुढच्या रांगेतून माना वळायच्या, मागून "शूऽऽ" यायचं. एकदा तर एका माणसानं आवाजच चढवला, "ओ बाई, तिकीट आम्हीही काढलंय!" त्यानं दारावरच्या माणसाला बोलावलं आणि दोघांना मध्यंतराआधीच उठावं लागलं. घरी आल्यावर काका म्हणाले, "पुरे झालं. सिनेमानं काही पोट भरत नाही." त्यानंतर बरीच वर्षं दोघं थिएटरकडे फिरकलेच नाहीत.

मग एका सुट्टीत काकांची भाची आली. तिनं टीव्हीला इंटरनेट जोडलं आणि रिमोटवरचं थांबवायचं बटण काकूंना दाखवलं. काकूंना तर हर्षवायू व्हायचा बाकी होता! सिनेमा थांबवायचा, पोटभर सांगायचं, पुन्हा सोडायचा. कुणी शूऽ म्हणणारं नाही. दोन तासांचा सिनेमा जेवणं उरकून झाली तरी संपायचा नाही. काकाच वैतागायचे, "अगं, त्याची कॉलर राहू दे! पिस्तूल कुणाच्या हातात आहे ते सांग!"

भाची नोकरीला होती एका रेकॉर्डिंग स्टुडिओत. एका संध्याकाळी ती हा प्रकार ऐकत बसली आणि म्हणाली, "मामी, अगं हेच काम सध्या आमच्याकडे आलंय. मोबाइलवर सिनेमे येतात ना, त्यांत न दिसणाऱ्यांसाठी वर्णनाचा वेगळा आवाज घालतात. हवा त्यानं लावायचा. तू येशील?"

काकू हसण्यावारी नेत होत्या, पण काकांनीच त्यांना धाडलं.

छोटीशी खोली, भिंतींना फोम, समोर पडदा, कानांवर हेडफोन. काकूंनी झोकात सुरुवात केली आणि पहिल्याच वाक्याच्या मध्यावर नायक बोलायला लागला. "अगं, थांबव ना जरा!"

"मामी, इथे सिनेमा थांबत नाही," भाची काचेपलीकडून म्हणाली. "दोन संवादांच्या मध्ये जेवढी जागा आहे, तेवढ्यातच बसवायचं."

काकू पडलेल्या चेहऱ्यानं घरी आल्या. "मला नाही जमायचं. श्वास घ्यायला फुरसत नाही हो तिथं."

काकांनी त्यांना शेजारी बसवून घेतलं. "हे बघ, ती रडतेय हे मला ऐकू येतं. ते नको सांगूस. ती कुणाकडे बघतेय ते सांग. आणि शांतता असली तर असू दे थोडी."

महिनाभर दोघांनी घरी सराव केला. ज्यादा कापड कापून टाकावं तशा काकू शब्द कापत गेल्या. जीव तुटायचा, पण कापत गेल्या. अखेर तो सिनेमा त्यांच्या आवाजासकट मोबाइलवर आणि टीव्हीवर आला.

त्या दिवशी काकांनी बाहेरच्या खोलीत तो लावला. काकू आत यंत्रासमोर बसल्या, पण पाय काही हलेना. सगळा जीव कानांत. मध्येच काका खो खो हसले. काकूंच्या जिवात जीव आला.

सिनेमा संपल्यावर हाक आली, "अगं, इकडे ये."

"काय हो? चुकलं का कुठे?"

"चुकलं नाही काही. माझ्यापायी तुला आजवर एकही सिनेमा धड बघता आला नाही. आता पुन्हा लाव, शेजारी बस आणि नुसता बघ. सांगायचं काम ती पडद्यातली करेल."

काकू बसल्या. डोळे असे भरून आले, की पहिला अर्धा तास त्यांनाच काही दिसलं नाही.

पुढे एकदा भाचीनं फोनवर आलेला एक निरोप त्यांना ऐकवला. लांबच्या कुठल्याशा गावातली, दृष्टी नसलेली एक आई बोलत होती. "ताई, माझी मुलं हसायची, मग मी विचारायचे काय झालं, मग मी हसायचे. काल आम्ही सगळे एकदम हसलो."

काकूंनी तो निरोप पुन्हा लावायला सांगितला. मग आणखी एकदा. "तिला म्हणावं," त्या भाचीला म्हणाल्या, "उपकार तुझेच आहेत, बाई."

आता काकाही स्टुडिओत जातात. खुर्चीत रेलून ऐकतात आणि काकूंचं एखादं वाक्य जास्तीचं वाटलं की बोट वर करतात. भाची रेकॉर्डिंग थांबवते. कुणाच्या बापाचं न ऐकणाऱ्या काकू पाण्याचा घोट घेतात, "बरं बाबा," म्हणतात आणि ते वाक्य आनंदानं छाटतात.